अजून, हाय आणि स्टिल : चिनी भाषकांना एक इंग्रजी शब्द शिकवताना

तैवानमधल्या एका विद्यार्थिनीला ऑनलाइन वर्गात मी विचारलं, 'हॅव यू हॅड लंच?' ती म्हणाली, 'स्टिल नॉट.' उत्तर चुकीचं होतं, पण माझ्या कानाला ते खटकलंच नाही, कारण त्याच क्षणी माझ्या मनात मराठी उत्तर उमटलं होतं : 'अजून नाही.' इंग्रजी माणूस इथे 'नॉट येट' म्हणतो. तिच्या मनात चिनी 'हाय मेय' होतं, माझ्या मनात 'अजून नाही' होतं, आणि दोघींचा रस्ता एकाच खड्ड्यात जात होता.

त्यानंतर मी चिनी भाषक विद्यार्थ्यांच्या अशा चुका वहीत टिपायला लागले. हळूहळू कळलं, की 'स्टिल' हा शब्द चिनी माणसाला शिकवायला मराठी माणसाइतका चांगला शिक्षक मिळणं अवघड आहे. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे, त्याला ही चूक का होते तेच उमगत नाही. आपल्याला उमगते, कारण मँडरिनमधला, म्हणजे प्रमाण चिनीतला, 'हाय' आणि आपला 'अजून' जवळजवळ एकाच मापाचे शब्द आहेत. तुम्ही चिनी भाषकांना इंग्रजी शिकवत असाल, किंवा शेन्झेनच्या पुरवठादाराशी, सिंगापूरच्या सहकाऱ्याशी रोज इंग्रजीत बोलत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. वाचता वाचता स्वतःच्या इंग्रजीतले दोन-चार खडेही निघतील, माझे निघाले.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट. चिनी आणि इंग्रजी दोन्ही वाक्यं मी देवनागरीत दिली आहेत. देवनागरीत चिनी सूर दाखवता येत नाहीत, त्यामुळे चिनी वाक्यं अंदाज येण्यापुरतीच समजा. 'हाय'चा सूर मात्र लक्षात ठेवा : तो खालून वर चढतो, आपण आश्चर्यानं 'हो?' म्हणतो तसा.

पहिली पायरी : 'हाय' काय काय करतो ते बघा

शिकवायला बसण्याआधी ही चार वाक्यं कागदावर एकाखाली एक लिहा.

'था हाय जाय श्वेज्याओ.' तो अजून झोपलाय. इंग्रजीत : 'ही इज स्टिल स्लीपिंग.'

'था हाय मेय लाय.' तो अजून आला नाही. 'ही हॅजन्ट कम येट.'

'वो हाय याओ ई बेइ.' मला अजून एक कप हवा. 'आय वॉन्ट अनदर कप.'

'जिनथ्येन बी ज्वोथ्येन हाय रअ.' आज कालपेक्षा अजून उकडतंय. 'इट इज ईव्हन हॉटर टुडे दॅन यस्टरडे.'

चिनीत चारही ठिकाणी 'हाय', मराठीत चारही ठिकाणी 'अजून'. इंग्रजीत मात्र चार वेगळे शब्द : स्टिल, येट, अनदर, ईव्हन. एका घरात राहणाऱ्या चौघांना इंग्रजीनं चार स्वतंत्र खोल्या दिल्या आहेत. शब्दकोशात 'हाय'समोर पहिला अर्थ 'स्टिल' छापलेला असतो, म्हणून विद्यार्थी चारही खोल्यांना तीच किल्ली लावून बघतो.

विद्यार्थी हाँगकाँगचा असेल आणि घरी कँटोनीज बोलत असेल, तर त्याचा शब्द 'जुंग' आहे. शब्द वेगळा, पण वरची चारही कामं तोही करतो. त्यामुळे पुढचं सगळं त्यालाही लागू पडतं.

विद्यार्थ्यानं पाठवलेला चिनी मजकूर तुम्ही भाषांतराच्या अॅपमधून वाचत असाल, तर आणखी एक काळजी घ्या. 'हाय'चं लिपीचिन्ह 'ह्वान' असंही वाचलं जातं आणि तेव्हा त्याचा अर्थ 'परत करणं' होतो. उधारीच्या चिठ्ठीत हे चिन्ह आलं, तर 'अजून चार हजार देणं आहे' आणि 'देण्यापैकी चार हजार परत केले' असे दोन उलटे अर्थ एकाच ओळीतून निघू शकतात. चिनी लोकांना हा घोळ चांगला माहीत आहे. तुमच्या अॅपला तो कळेलच असं नाही.

दुसरी पायरी : अदलाबदल करून बघा

विद्यार्थ्याला व्याकरणाच्या संज्ञा सांगून फारसा उपयोग होत नाही. 'हाय'च्या जागी दुसरा चिनी शब्द बसतो का, हे त्याला स्वतःला तपासायला लावा. मराठीतही हीच कसोटी चालते, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी देते.

'अजून'च्या जागी 'अजूनही' बसवून अर्थ तोच राहिला, तर इंग्रजीत स्टिल. चिनीत हीच परीक्षा 'रंगरान' या शब्दानं होते. तो थोडा पुस्तकी आहे, पण प्रत्येक शिकलेल्या माणसाला येतो. 'तो अजूनही झोपलाय' चालतं, 'था रंगरान जाय श्वेज्याओ' चालतं, म्हणून 'स्टिल स्लीपिंग'.

'आणखी' बसलं, तर अनदर किंवा मोअर. 'आणखी एक कप'मध्ये काही बिघडत नाही. चिनीत इथे 'हाय'ऐवजी 'जाय' हा 'पुन्हा, आणखी' अर्थाचा शब्द बसतो : 'जाय याओ ई बेइ.' वरच्या पहिल्या वाक्यातला 'जाय' वेगळा आहे, लिपीत त्याचं चिन्हही वेगळं असतं. इथे 'स्टिल'ला जागा नाही. 'आय स्टिल वॉन्ट वन कप' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं, की मघाशी मागितलेला कप अजून आलेलाच नाही आणि हा तक्रार करतोय. हवा होता दुसरा कप, पोचली कुरकुर.

तुलना असेल आणि 'अधिकच' बसत असेल, तर ईव्हन. चिनी कसोटीचा शब्द 'गंग'. इथे 'स्टिल'ही चालतो, पण पुस्तकी वाटतो : 'हॉटर स्टिल'. बोलताना 'ईव्हन हॉटर'च वापरायला सांगा. 'स्टिल मोअर हॉट' ही चूक नेहमी ऐकू येते. तिच्यात दोन चुका एकत्र आहेत, म्हणून आधी 'हॉटर' पक्कं करून घ्या आणि मगच 'ईव्हन'कडे वळा. या घरातला एकच वाक्प्रचार पाठ करून घेण्यासारखा आहे, तो म्हणजे 'बेटर स्टिल'. 'कॉल हर, ऑर बेटर स्टिल, गो अँड सी हर.' तिला फोन कर, त्यापेक्षा जाऊनच भेट.

उरला नकार. तिथे कसोटी इतक्या सहज चालत नाही, म्हणून त्याला स्वतंत्र पायरी दिली आहे.

तिसरी पायरी : नॉट येट आणि स्टिल नॉट

वर्गातला सगळ्यात जास्त वेळ इथे जाऊ द्या. बाकीच्या चुकांनी वाक्य बिघडतं, या चुकीनं माणसं बिघडतात.

ही दोन मराठी वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा. 'फाइल अजून आली नाही.' 'फाइल अजूनही आली नाही.' एका 'ही'नं सूर बदलला. पहिल्या वाक्यात फक्त माहिती आहे : येईल, वाट बघतोय. दुसऱ्यात बोलणाऱ्याचा धीर सुटत आलाय. इंग्रजीत नेमका हाच फरक येट आणि स्टिल यांच्यात आहे. 'आय हॅवन्ट रिसीव्ह्ड द फाइल येट' हे पहिलं, 'आय स्टिल हॅवन्ट रिसीव्ह्ड द फाइल' हे दुसरं.

चिनीत साधं 'हाय मेय' बहुधा पहिल्या सुरात येतं. दुसरा सूर हवा असेल, तर चिनी माणूस पुढे 'दाओ श्येनजाय' जोडतो, म्हणजे 'आत्तापर्यंत'. तेव्हा विद्यार्थ्याला सूत्र द्या : 'हाय मेय' म्हणजे येट, 'दाओ श्येनजाय हाय मेय' म्हणजे स्टिल. हे सूत्र मी मराठीच्या 'ही'वरून शोधलं आणि ते वर्गात चांगलं चालतं.

याचा खरा उपयोग ऑफिसच्या ईमेलमध्ये होतो. शांत स्वभावाचा, अदबीनं वागणारा चिनी सहकारी 'वुई स्टिल डिड नॉट रिसीव्ह युअर पेमेंट' असं लिहितो आणि वाचणाऱ्याला वाटतं, हा चिडलाय. तो चिडलेला नसतो, त्यानं फक्त 'हाय मेय'चं भाषांतर केलेलं असतं. पुण्यात बसलेल्या आपल्या माणसाकडूनही हेच होतं. पहिल्या आठवणीच्या पत्रात नेहमी येट वापरा. तिसऱ्या पत्रात, खरोखर नाराजी कळवायची असेल तेव्हा, स्टिल. विद्यार्थ्याला एकाच प्रसंगावर तीन ईमेल लिहायला सांगा, तापमान चढवत चढवत. मला याहून चांगला सराव सापडलेला नाही.

आता लेखाच्या सुरुवातीचं 'स्टिल नॉट'. प्रश्नाचं एका दमातलं उत्तर म्हणून 'नॉट येट' हेच घोटून घ्या. तू जेवलीस का? नॉट येट. बस आली का? नॉट येट. पहिल्यांदा विचारलं आणि उत्तर 'स्टिल नॉट' आलं, तर ते ऐकणाऱ्याला अडखळवतं. पण सकाळी विचारलं, दुपारी विचारलं आणि संध्याकाळी तिसऱ्यांदा विचारल्यावर कोणी 'नो, स्टिल नॉट' म्हणालं, तर ते अगदी बरोबर आहे. 'नाही ना, अजूनही नाही!'

प्रश्नांतही हा सूर लपलेला असतो. चिनीत सभेच्या शेवटी विचारतात, 'हाय यौ वनथी मा?' आपण विचारतो, 'अजून काही प्रश्न?' दोन्ही नम्र आहेत. पण 'डू यू स्टिल हॅव क्वेश्चन्स?' म्हटलं, तर अर्थ होतो, 'एवढं समजावून सांगितल्यावरही तुमचे प्रश्न आहेतच का?' व्याकरण निर्दोष आणि समोरचा दुखावलेला. इथे अदलाबदल करून बघा : 'आणखी काही प्रश्न?' बसतं, म्हणून 'एनी मोअर क्वेश्चन्स?' किंवा 'एनी अदर क्वेश्चन्स?'

स्टिल वापरला, की बोलणाऱ्याच्या मनात 'हे एव्हाना संपायला हवं होतं' अशी अपेक्षा आहे असं ऐकणारा धरून चालतो. 'आर यू स्टिल वर्किंग देअर?' या प्रश्नात 'अजून तिथेच?' असा टोमणा ऐकू येऊ शकतो. आपल्याकडच्या 'अजून लग्न नाही केलंस?' या प्रश्नात जी टोचणी आहे, ती चिनी नातेवाइकांच्या 'नी हाय मेय जिएहुन?'मध्येही आहे. विद्यार्थ्यांना हे उदाहरण समजावून सांगावं लागत नाही.

चौथी पायरी : चहाचं पाणी

येट, ऑलरेडी, स्टिल आणि एनी मोअर हे चार शब्द एका रेषेवर बसवायचे असतील, तर फळ्यावर किटली काढा. चहा हा शब्द मुळात चिनीच, 'छा'. त्यामुळे हे चित्र दोन्ही बाजूंना आपलं वाटतं.

गॅस पेटवला, पाणी गार आहे : 'द वॉटर इजन्ट बॉइलिंग येट', 'हाय मेय खाय'. तुम्ही क्षणभर वळलात आणि तेवढ्यात बुडबुडे आले : 'इट्स ऑलरेडी बॉइलिंग', 'ईजिंग खाय ल'. फोन आला, बोलत बसलात, परत येऊन बघता तर उकळतंयच : 'इट्स स्टिल बॉइलिंग', 'हाय खाय ज'. गॅस संपला : 'इट इजन्ट बॉइलिंग एनी मोअर', 'बू खाय ल'.

येट म्हणजे दाराबाहेर उभी असलेली गोष्ट. ऑलरेडी म्हणजे वाटलं होतं त्याआधीच आत आलेली. स्टिल म्हणजे आत बसलेली, न उठलेली. एनी मोअर म्हणजे उठून गेलेली. चारही वाक्यं विद्यार्थ्याकडून स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टींवर म्हणून घ्या : पाऊस, नोकरी, भाड्याचं घर, ताप. चौथ्या वाक्यावर तो अडखळतो. 'तो आता इथे काम करत नाही' यासाठी 'ही स्टिल डझन्ट वर्क हिअर' असं म्हणतो आणि अर्थ उलटा होतो, म्हणजे त्यानं इथे अजून सुरुवातच केलेली नाही! चिनी वाक्यात नकारानंतर शेवटी 'ल' आला, तर 'एनी मोअर' वापर, असं सांगा. नेहमीच्या वाक्यांना एवढी खूण पुरते.

पाचवी पायरी : वाक्यात बसायची जागा

चिनीत 'हाय'ची जागा ठरलेली आहे : कर्त्यानंतर, क्रियापदाच्या आणि नकाराच्याही आधी. त्यामुळे चिनी विद्यार्थ्याचं अर्धं काम आपोआप बरोबर होतं. 'शी स्टिल लिव्ज इन तायपेइ' बरोबर, 'ही स्टिल डझन्ट नो' बरोबर. चूक होते ती इज, आर, वॉज, कॅन, विल, मस्ट यांच्यापाशी. तिथे इंग्रजीत स्टिल मागे जातो : 'ही इज स्टिल अ टीचर', 'आय कॅन स्टिल रिमेंबर.' विद्यार्थी म्हणतो 'ही स्टिल इज अ टीचर'. हे ठासून सांगताना चालतं, विशेषतः वाक्य तिथेच संपत असेल तर : 'ही वॉज द बेस्ट, अँड ही स्टिल इज.' नेहमीच्या बोलण्यात नाही.

नकाराच्या वेळी मात्र स्टिल पुन्हा पुढे येतो : 'आय स्टिल कान्ट स्विम.' 'आय कान्ट स्टिल स्विम' म्हटलं, तर ऐकणारा गोंधळतो : आधी येत होतं आणि आता येत नाही, असं म्हणायचं आहे का? येट बहुधा वाक्याच्या शेवटी बसतो आणि तिथेच ठेवायला शिकवा.

आता आपली स्वतःची चूक, कारण शिक्षकाकडून ती विद्यार्थ्याकडे जाते. मराठीत 'अजून' कुठेही फिरतो. 'अजून तो झोपलाय' आणि 'तो अजून झोपलाय', दोन्ही चालतात. म्हणून आपण सहज म्हणतो, 'स्टिल ही इज स्लीपिंग.' इंग्रजीत वाक्याच्या तोंडाशी आलेला स्टिल 'अजून' राहत नाही, तो 'तरीही' होतो. 'स्टिल, ही इज अ गुड मॅन' म्हणजे काही का असेना, माणूस चांगला आहे. मी ही चूक कित्येक वर्षं करत होते. शेवटी एका विद्यार्थ्यानंच विचारलं, की मॅडम, इथे स्टिल पुढे का?

सहावी पायरी : 'तरीही' कधी ऐकू येतो

वाक्याच्या सुरुवातीला नसतानाही स्टिलचा अर्थ 'तरीही' होतो आणि तो ओळखायची खूण क्रियापदात असते. राहणं, झोपणं, माहीत असणं, आवडणं या गोष्टी काही काळ चालू राहतात, म्हणून त्यांच्याबरोबरचा स्टिल सहसा 'अजून' असतो. पोचणं, हरणं, मरण पावणं, सापडणं एका क्षणात घडतं. 'अजून पोचला' याला अर्थच नाही, म्हणून तिथे स्टिल म्हणजे 'तरीही'. 'शी रॅन, बट शी स्टिल मिस्ड द बस.' धावली, तरीही बस चुकलीच. 'वुई स्टिल वेंट' म्हणजे तरीही गेलो.

चिनीत या जागी 'हायश' येतो. चिनी वाक्य जोडीनं बांधलं जातं : 'स्वेइरान' असं, 'दानश' तसं. आपलं 'जरी' आणि 'तरी' अगदी याच घडणीचं. म्हणून दोन्हीकडचे विद्यार्थी लिहितात, 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट.' इंग्रजीला 'जरी' आणि 'तरी' यांपैकी एकच जोडशब्द पुरतो. ऑल्दो ठेवा किंवा बट ठेवा. पण मनातलं 'तरी' गळून पडल्यावर वाक्य लंगडं वाटतं ना? तिथे स्टिल कामाला येतो. तो जोडशब्द नाही, क्रियापदापाशी बसणारा शब्द आहे, त्यामुळे ऑल्दोच्या वाक्यात तो खुशाल चालतो : 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, वुई स्टिल वेंट.' विद्यार्थ्याला फक्त 'बट काढ' असं सांगितलं, तर चार दिवसांनी बट परत येतो. त्या जागी स्टिल ठेवायला दिला, तर येत नाही. हातातलं काढून घ्यायचं असेल, तर बदल्यात काहीतरी द्यावं लागतं.

काळाबद्दल दोन शब्द. चिनी क्रियापदाला काळाचे प्रत्यय नसतात. त्यामुळे 'आय हॅव स्टिल लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' अशी वाक्यं तयार होतात. 'आय स्टिल लिव्ह हिअर' हे एक वाक्य, 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' हे दुसरं. दोन्ही एकत्र कालवू नका. सुरुवातीला नियम एवढाच ठेवा : होकारी वाक्यात 'हॅव' आणि पूर्ण झालेली क्रिया असेल, तर स्टिल टाळा. 'स्टिल हॅवन्ट' हा नकार मात्र रोजच्या वापरातला आहे.

सातवी पायरी : जिथे 'हाय' आहे आणि 'स्टिल' नाही

'हाय खअई' म्हणजे 'बरं आहे, चालेल'. जेवण कसं होतं? 'हाय खअई.' विद्यार्थी म्हणतो, 'स्टिल ओके.' इंग्रजी कानाला वाटतं, की जेवण बिघडत चाललंय पण अजून खाण्याजोगं आहे. 'नॉट बॅड' किंवा 'प्रिटी गुड' शिकवा.

'नी ह छा हायश ह खाफेइ?' चहा घेणार की कॉफी? इथे 'हायश' म्हणजे आपला 'की', इंग्रजी 'ऑर'. ही चूक सहसा होत नाही. पण सल्ला देतानाचा 'हायश' दगा देतो. 'हायश नी छ्यु बा' म्हणजे 'त्यापेक्षा तूच जा'. याचं 'स्टिल यू गो' होतं आणि कोणाला काहीच कळत नाही. 'मेबी यू शुड गो' असं सांगा.

'अजून दोन दिवस आहेत', 'हाय यौ ल्यांग थ्येन'. विद्यार्थी : 'स्टिल हॅव टू डेज.' चिनीत 'यौ'ला कर्ता लागत नाही, इंग्रजीत लागतो. 'देअर आर स्टिल टू डेज लेफ्ट' किंवा 'वुई स्टिल हॅव टू डेज.' इथे स्टिल चुकीचा नव्हता, कर्ता गायब होता. विद्यार्थ्याला हे वेगळं सांगा, नाहीतर तो बरोबर असलेला स्टिलही काढून टाकतो.

आठवी पायरी : न हलणारा स्टिल

'होल्ड स्टिल' हे एक्स-रे काढताना ऐकू येतं, 'सिट स्टिल' शाळेत. इथे स्टिल म्हणजे स्थिर, न हलता. शब्दाचा मूळ अर्थ हाच. 'जिथे होतं तिथेच आहे' यातून पुढे 'अजून' निघाला, आणि मधल्या काळात, चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, 'नेहमी' असाही अर्थ होता. चिनीत यासाठी 'हाय'चा काहीच संबंध नाही, तिथे 'ब्ये दोंग' म्हणजे 'हलू नकोस' म्हणतात. त्यामुळे परदेशात राहायला गेलेल्या विद्यार्थ्याला हा अर्थ अवश्य सांगा, दवाखान्यात तो लागतो. जागेवरून तो ओळखता येतो : 'ही सॅट स्टिल', तो न हलता बसला. 'ही स्टिल सॅट देअर', तो तरीही किंवा अजूनही तिथेच बसून होता.

नववी पायरी : उच्चार

मँडरिनमध्ये अक्षराच्या सुरुवातीला जोडव्यंजन नसतं आणि शेवटी 'ल' येत नाही. 'स्टिल'मध्ये दोन्ही आहेत. म्हणून 'स-तील' किंवा 'स्ती-ओ' असं काहीतरी ऐकू येतं.

सुरुवातीचा 'स्ट' : चिनीत महाप्राण आणि अल्पप्राण असा स्पष्ट भेद आहे, आपल्या त आणि थ सारखा. म्हणूनच मी वर 'थ्येन' असं लिहिलं. रोमन लिपीत ते ज्याला टी लिहितात तो 'थ' असतो आणि ज्याला डी लिहितात तो 'त', जरी 'दाओ', 'दोंग' असे शब्द मी वर रोमन स्पेलिंगप्रमाणे 'द'नं लिहिले आहेत. इंग्रजीत शब्दाच्या तोंडाशी असलेला ट थोडा हवेसकट येतो, पण स नंतर ती हवा नाहीशी होते. म्हणून विद्यार्थ्याला सांगा, की स नंतर तुमच्या टीचा नाही, डीचा उच्चार कर. चीनमधल्या शाळांतही असंच शिकवतात. आपल्याला ही अडचण नाही, आपला ट मुळातच हवेशिवाय असतो.

मधला इ ऱ्हस्व. दीर्घ झाला तर स्टीलचं भांडं होतं. 'स्टिल' आणि 'स्टील' आळीपाळीनं म्हणा आणि विद्यार्थ्याला नुसतं ऐकून बोट वर करायला सांगा, डावं किंवा उजवं. कान आधी, जीभ नंतर.

शेवटच्या 'ल'साठी पुढे स्वर जोडून म्हणून घ्या : 'स्टिल ईटिंग', 'स्टिल इन बेड'. 'स्टि-लीटिंग', 'स्टि-लिन-बेड' असं जोडून म्हटलं, की ल अक्षराच्या सुरुवातीला येतो आणि तो त्यांना सहज जमतो. आठ-दहा दिवसांनी पुढचा स्वर काढून टाका. जीभ तोवर जागा शिकलेली असते.

सरावासाठी

विद्यार्थ्याला ही वाक्यं त्याच्या भाषेत सांगा, त्यानं इंग्रजीत म्हणावं. आधी स्वतः करून बघा.

'दुकान अजून उघडं आहे.' 'द शॉप इज स्टिल ओपन.' 'अजूनही' बसतं, आणि 'इज' असल्यामुळे स्टिल त्याच्या मागे.

'दुकान अजून उघडलं नाही.' 'द शॉप हॅजन्ट ओपन्ड येट.' साधी माहिती, राग नाही.

'अकरा वाजले, दुकान अजूनही उघडलेलं नाही!' 'इट्स इलेव्हन, अँड द शॉप स्टिल हॅजन्ट ओपन्ड.'

'अजून थोडा भात घे.' 'हॅव सम मोअर राइस.' 'आणखी' बसतं, स्टिलचा संबंध नाही.

'धाकटा तर अजून उंच आहे.' 'द यंगर वन इज ईव्हन टॉलर.'

'औषध घेतलं, तरी ताप आलाच.' 'आय टुक द मेडिसिन, बट आय स्टिल गॉट अ फीव्हर.' ताप येणं ही क्षणात घडणारी गोष्ट, म्हणून इथे स्टिल म्हणजे 'तरीही'.

'ती आता तायपेइला राहत नाही.' 'शी डझन्ट लिव्ह इन तायपेइ एनी मोअर.'

आणि सगळ्यात शेवटी हे द्या, कारण यात तीन खोल्या एकदम उघडतात : 'पाऊस अजून थांबला नाही, तो अजून स्टेशनवरच आहे, अजून एक तास लागेल.' 'द रेन हॅजन्ट स्टॉप्ड येट, ही इज स्टिल ॲट द स्टेशन, अँड इट विल टेक अनदर अवर.' माझ्या त्या तैवानच्या विद्यार्थिनीनं हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिन्ही ठिकाणी स्टिल होता. तिसऱ्या आठवड्यात एकाच ठिकाणी उरला आणि तो बरोबर जागी होता.